चर्चचा समर कॅम्प: साडेचार आणि सात वर्षांच्या मुलांना पाठवावं का?

रानजाई
न्यू जर्सीत शाळा जूनच्या शेवटी सुटते ती लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) उलटल्यावर उघडते. म्हणजे दहा-अकरा आठवडे मुलं घरी आणि आईबाप मीटिंगमध्ये. घराजवळच्या एका चर्चचे दोन पर्याय समोर आहेत. एक, जुलैमधली पाच दिवसांची व्हेकेशन बायबल स्कूल (व्हीबीएस), सकाळी ९ ते १२, फुकट. दुसरा, त्यांचाच पूर्ण उन्हाळ्याचा डे कॅम्प, ९ ते ४, शहरातल्या इतर कॅम्पच्या जवळजवळ निम्म्या फीमध्ये. मुलगी सात वर्षांची, मुलगा साडेचारचा. घरी गणपती बसतो, बाकी कडक काही नाही. आत नक्की काय शिकवतात, जेवणाखाण्याचं काय, आणि एवढ्या लहान वयात पाठवावं का, हे माहीतगारांनी सांगावं. "धर्म धोक्यात"वाली चर्चा नको, प्लीज.

ताकभात
रुमाल टाकून ठेवतोय. शेवटची ओळ लिहून तुम्ही त्या चर्चेला आवतणच दिलंत, ताई.

सातपुडा
"ख्रिश्चन कॅम्प" ही एकच वस्तू नाही, इथूनच सुरुवात करा. निदान चार प्रकार आहेत.

पहिला वायएमसीए. १८४४ साली लंडनमध्ये सुरू झाली तेव्हा नावाप्रमाणे ख्रिस्ती तरुणांची संस्था होती. आज अमेरिकेत तिचे बहुतेक डे कॅम्प म्हणजे पोहणं, तिरंदाजी आणि चिखल. काही शाखांत सकाळी दोन मिनिटांचा सुविचार असतो, काहींत तोही नाही.

दुसरा मेथडिस्ट, एपिस्कोपल, लुथरन अशा जुन्या पंथांच्या चर्चचा. बायबलची गोष्ट सांगतात, पण शेवट "शेजाऱ्याशी प्रेमाने वागा" इथे होतो. तिसरा कॅथलिक पॅरिशचा. तिथे मुख्यतः त्यांचीच मुलं असतात आणि प्रार्थना पाठ करून घेतात.

चौथा बॅप्टिस्ट आणि स्वतंत्र इव्हॅन्जेलिकल चर्चचा. यांच्या लेखी कॅम्पचा उद्देशच मुलाने येशूला स्वीकारावं हा असतो. ते लपवत नाहीत, वेबसाइटवर लिहितात. आपण ते पान उघडत नाही, हा आपला दोष.

म्हणून आधी चर्चच्या साइटवर "स्टेटमेंट ऑफ फेथ" (ते काय मानतात त्याचं निवेदन) वाचा. मग कॅम्पच्या पानावर "सेव्ह्ड" (तारलेले), "अनचर्च्ड" (चर्चला न जाणारे), "रीच द लॉस्ट" (भरकटलेल्यांपर्यंत पोचा) असले शब्द दिसतात का बघा. बायबल स्कूल असेल तर त्या वर्षीची थीम कोणती ते पाहून ती गूगल करा. ही थीम चर्च स्वतः रचत नाही. प्रकाशकाकडून किट येतं, त्यात गाणी, गोष्टी, हस्तकला, खाऊ, टीशर्ट सगळं ठरलेलं असतं. प्रकाशकाच्या साइटवर पाचही दिवसांचा तक्ता सापडतो: सोमवारी कुठली गोष्ट, कुठलं वचन पाठ, गुरुवारी काय. पाच मिनिटांचं काम आहे.

कावळोबा
एवढा विचार कशाला? निम्मा महाराष्ट्र कॉन्व्हेंटात शिकला. रोज सकाळी "अवर फादर" म्हटलं, घरी येऊन शुभंकरोति म्हटलं. कोण बाटलं?

गुलबकावली
कावळोबा, ही तुलना दर वेळी येते आणि दर वेळी चुकते. कॉन्व्हेंटचा धंदा शाळेचा आहे. तिथे ख्रिस्ती नसलेल्या मुलांना मॉरल सायन्स असतं, कॅटेकिझमला (ख्रिस्ती धर्मशिक्षणाला) वेगळ्या खोलीत कोण बसणार ते ठरलेलं असतं. इव्हॅन्जेलिकल बायबल स्कूलमध्ये पाच दिवसांचा चढता आलेख असतो. सोमवारी देवाने जग निर्माण केलं, मंगळवार-बुधवारी पाप, गुरुवारच्या आसपास क्रूस आणि आमंत्रण. "डोळे मिटा, कुणाला येशूला हृदयात बोलवायचंय त्याने हात वर करा." साडेचार वर्षांचं पोर शेजारच्याने हात वर केला म्हणून करतं, आणि घरी येऊन विचारतं की हृदयात तो जेवतो काय.

हस्तकलेकडेही बघा. निरुपद्रवी दिसणारं मण्यांचं ब्रेसलेट असतं. काळा मणी पाप, लाल येशूचं रक्त, पांढरा धुतलेलं मन, हिरवा वाढ, सोनेरी किंवा पिवळा स्वर्ग. ही रंगांची रीत नवी नाही, १८६६ साली लंडनच्या स्पर्जन या धर्मोपदेशकाने काळा-लाल-पांढरा अशी तीन पानांची, अक्षर नसलेली पुस्तिका वापरली, पुढे तिच्यात रंग वाढत गेले. वाचता न येणाऱ्या मुलासाठी इतकं नेमकं साधन दुसरं नाही. मुलाला एकेका मण्याचा अर्थ म्हणून दाखवायला शिकवतात, म्हणजे घरी आल्यावर आईबापांनाही ऐकवलं जातं.

ताकभात
आमच्याकडे काळे मणी नजर लागू नये म्हणून. एकाच मनगटावर दोन्ही घातले की हिशेब बरोबर.

नगरी बाणा
गुलबकावलींनी लिहिलंय ते बरोबर आहे, पण सूर थोडा सापळा लावल्यासारखा वाटला म्हणून लिहितो. मी मराठी ख्रिस्ती. मे महिन्यात महाराष्ट्रातल्या मंडळ्यांतही व्हीबीएस होते, रेव्हरंड ना. वा. टिळकांची अभंगाच्या चालीवरची भजनं तिथे टाळ-तबल्यावर गातात. हा प्रकार अमेरिकेत सुरू झाला तो गरज म्हणून. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट साइडला एलायझा हॉज या बाईंनी उन्हाळ्यात रस्त्यावर उंडारणाऱ्या मुलांसाठी सकाळची शाळा काढली, आणि जागा मिळेना म्हणून ती बिअर हॉल भाड्याने घेऊन भरवली. गाणी, गोष्ट, हस्तकला, खेळ हा साचा तेव्हापासूनचा.

आता दोन व्यावहारिक गोष्टी. हात वर केला म्हणजे बाप्तिस्मा झाला असं नाही. जे पंथ समजत्या वयात बाप्तिस्मा देतात ते आईवडिलांशी बोलल्याशिवाय लहान मुलाला पाण्यात उतरवत नाहीत. होतं काय, तर एक कार्ड भरलं जातं, त्यावरून नंतर फोन येतो किंवा कुणी कुकीज घेऊन दारात येतं. ते नको असेल तर नावनोंदणीच्या फॉर्मवर "होम चर्च" या रकान्यापुढे रिकामी जागा सोडू नका. "हिंदू कुटुंब, फॉलो-अप नको" असं स्पष्ट लिहा. रिकामा रकाना म्हणजे त्यांच्या लेखी चर्च शोधणारं कुटुंब.

दुसरं, व्हीबीएस फुकट असते कारण शिकवणारे स्वयंसेवक स्वतःच्या नोकरीवरून आठवडाभर रजा टाकून येतात. ती स्वस्तातली बेबीसिटिंग समजून मुलं सोडून जाणाऱ्यांचं त्यांना वाईट वाटतं, बोलत नाहीत इतकंच.

कावळोबा
बिअर हॉलचं आवडलं. बाकी कॉन्व्हेंटचा मुद्दा मागे घेतो, अर्धा.

एक_पाहुणा
एकाच उन्हाळ्यात चार चर्चच्या फुकट व्हीबीएस लागोपाठ लावणारे महाभाग आहेत. त्यांच्यासाठी सूचना: शेजारच्या चर्चनेही त्याच प्रकाशकाचं किट घेतलेलं असतं. तिसऱ्या आठवड्यात मूल गाण्याचे हावभाव शिक्षिकेच्या आधी करतं, आणि घरात तोच कागदी जिराफ तीनदा येतो.

आणि ९ ते १२ म्हणजे प्रत्यक्षात पावणेनऊला गाडी रांगेत हवी आणि पावणेबाराला परत. मध्ये कामाचे अडीच तास मिळतात. नोकरीवाल्यांना याचा उपयोग शून्य.

मीठमिरची
जेवणाखाण्याचं विचारलंय त्याचं कुणी उत्तर देत नाही म्हणून मी घेते.

व्हीबीएसमध्ये खाऊ ते देतात आणि तो गोष्टीला धरून असतो. पाच भाकरी-दोन माशांची गोष्ट असली की ब्रेडचा तुकडा आणि गोल्डफिश क्रॅकर. (त्यात मासा नसतो, फक्त आकार.) शाकाहारी घरांनी जपायचं ते जिलेटिनला: मार्शमेलो, गमी बेअर, जेलो, मार्शमेलो घालून केलेल्या राइस क्रिस्पीच्या वड्या. त्यांच्या डोक्यात शाकाहारी म्हणजे मांसाचा तुकडा नको, एवढंच. जिलेटिन डुकराच्या किंवा गाईच्या कातडी-हाडांपासून होतं हे स्वयंसेवक काकूंना माहीत असेलच असं नाही. फॉर्मवर "व्हेजिटेरियन" लिहून भागत नाही, "नो मीट, नो जिलेटिन, नो पेपरोनी" असं लिहा. आणि लिहायचं ते ॲलर्जीच्या रकान्यात नव्हे, खाली सूचनांच्या जागेत. ॲलर्जीत लिहिलंत की मुलाला लाल पट्टा बांधतात आणि खरी ॲलर्जी असलेल्या मुलांकडचं लक्ष वाटलं जातं.

दिवसभराच्या कॅम्पला डबा घरचा. बहुतेक ठिकाणी नट-फ्री नियम असतो, आणि आपलं अर्धं स्वयंपाकघर तिथेच बाद होतं. शेंगदाण्याची चटणी, दाण्याचा कूट घातलेली कोशिंबीर, साबुदाण्याची खिचडी, चिवडा, काजूकतली: काही नाही. तीळही बघून घ्या. २०२३ पासून अमेरिकेत तीळ मुख्य ॲलर्जनच्या यादीत नववा आहे, त्यामुळे तिळाची चटणी भुरभुरलेली पोळीही काही कॅम्प परत पाठवतात. डबा गरम करून देत नाहीत, फ्रिजही नसतो. उन्हाळ्यात दहीभात चार तास बाहेर ठेवू नका. पोळीचा रोल (आत कोरडी बटाट्याची भाजी किंवा चीज), मेथीचे ठेपले, इडलीचे तुकडे हे टिकतं. सोबत दोन बर्फाच्या विटा, एक डब्याखाली, एक वर. वीस मिनिटांत खाऊन होईल एवढंच द्या. झाकण मुलाला स्वतःला उघडता येतं का हे घरी तपासा. साडेचार वर्षांच्या मुलांचे डबे झाकण न उघडल्यामुळे भरलेले परत येतात, आणि आपण म्हणतो जेवला नाही.

ताकभात
चिवडा बाद? मग यात धर्मांतर नाही तर काय आहे!

मीठमिरची
पोह्यांचा करा, दाणे-काजू वगळून, डाळं घालून. पण डाळं आणि दाणे एकाच कारखान्यात भरलेले असतील तर पाकिटावर तसं छापलेलं असतं, ते वाचा.

पाटीपेन्सिल
धर्म बाजूला ठेवून सुरक्षेचं बोलू. चर्च म्हणजे चांगली माणसं, हा गैरसमज आधी काढा, आणि चर्च म्हणजे वाईट माणसं हाही. विचारायचे प्रश्न तेच.

किती मुलांमागे किती मोठी माणसं? अमेरिकन कॅम्प असोसिएशनचं डे कॅम्पसाठीचं प्रमाण पाच वर्षांपर्यंत सहा मुलांमागे एक, सहा ते आठ वर्षांना आठांमागे एक, नऊ ते चौदाला दहांमागे एक. व्हीबीएसमध्ये आकडा चांगला सांगतात, पण त्यात तेरा-चौदा वर्षांची मदतनीस मुलंही मोजलेली असतात. "अठराच्या वरचे किती?" असं विचारा.

कुठलाही मोठा माणूस एका मुलाबरोबर एकटा राहणार नाही, हा दोघांचा नियम लेखी आहे का? बाथरूमला कोण नेतं, आणि दाराबाहेर थांबतं की आत येतं? सगळ्या स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासलेली आहे, की फक्त पगारी लोकांची? उत्तर "आमच्याकडे सगळे एकमेकांना ओळखतात" असं आलं तर तिथून निघा. गैरप्रकार करणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचाच असतो.

परवाना: न्यू जर्सीत युथ कॅम्पला राज्याच्या आरोग्य खात्याचं प्रमाणपत्र लागतं, ते बघायला मागा. काही दिवसांच्या धार्मिक वर्गांना अनेक राज्यांत पाळणाघराच्या परवान्यातून सूट असते. सूट म्हणजे बेकायदा नव्हे, पण तपासायला कुणी येत नाही, म्हणून तपास आपण करायचा. मुलाला ऑटिझम, मधुमेह असं काही असेल तर आणखी एक. अपंगत्वाच्या कायद्यातल्या सार्वजनिक सोयींच्या भागातून धार्मिक संस्था वगळलेल्या आहेत. वेगळी सोय करायला त्या बांधील नाहीत. अनेक चर्च आपणहून उत्तम करतात, पण आधी लेखी घ्या.

सहलीला चर्चची व्हॅन नेणार असेल तर बूस्टर सीट (गाडीतली लहान मुलांची उंच बैठक) कोण देणार? न्यू जर्सीत आठ वर्षांखालच्या आणि ५७ इंचांपेक्षा कमी उंचीच्या मुलाला ती लागते. पिवळ्या मोठ्या स्कूल बसची गोष्ट वेगळी. पंधरा सीटची व्हॅन असेल तर मी तरी सहलीला नाही म्हणेन, भरलेली व्हॅन वळणावर उलटण्याचा धोका जास्त असतो.

गुलबकावली
पाटीपेन्सिल, शंभर टक्के. बाथरूमवरून आठवलं. साडेचार वर्षांच्या मुलाला पाण्याची सवय असेल आणि कागद स्वतः वापरता येत नसेल तर कॅम्पआधी दोन-तीन आठवडे घरी सराव करा. "पॉटी ट्रेन्ड" या अटीत हे धरलेलं असतं, कर्मचारी पुसून देत नाहीत. बॅगेत ओल्या वाइप्सचं छोटं पाकीट ठेवा, आणि चड्डी बटणाची नको, इलॅस्टिकची.

हिशेबनीस
पैशांचं कुणीच बोललं नाही. दिवसाच्या कॅम्पचा खर्च चाइल्ड केअर क्रेडिटला (करातल्या सवलतीला) चालतो, मूल तेराच्या खाली हवं. मुक्कामी कॅम्प चालत नाही. कॅम्प धार्मिक आहे, फुटबॉलचा आहे की कोडिंगचा, त्याने फरक पडत नाही, आईवडील कामावर जाऊ शकावेत म्हणून घातलेलं असलं पाहिजे. त्यासाठीच्या कराच्या फॉर्म २४४१ मध्ये संस्थेचा करक्रमांक मागतात. चर्च करमुक्त संस्था असेल तर तिथे "टॅक्स-एक्झेम्प्ट" लिहायचं, नाव-पत्ता मात्र पूर्ण लागतो.

डिपेंडंट केअर एफएसए (मुलांच्या सांभाळासाठी पगारातून कर लागण्याआधी पैसे बाजूला काढायचं खातं) असेल तर मर्यादा २०२५ पर्यंत कुटुंबाला ५००० डॉलर होती, २०२६ पासून ७५००. इथे लोक अडकतात ते असे: फेब्रुवारीत पैसे भरले की लगेच क्लेम टाकतात आणि तो नाकारला जातो. खर्च मूल कॅम्पला गेलं त्या दिवशी "झाला" असं धरतात, भरला त्या दिवशी नाही. जुलै संपल्यावर टाका. आणि एकाच डॉलरवर एफएसए आणि क्रेडिट दोन्ही मिळत नाहीत.

सातपुडा
हिशेबनीस, त्यात एच-४ वाल्यांसाठी (एच-१बी व्हिसावर असलेल्यांच्या जोडीदारांसाठी) एक ओळ घाला.

हिशेबनीस
हो, राहिलंच. जोडीदार नोकरी करत नसेल, शोधत नसेल आणि पूर्णवेळ विद्यार्थीही नसेल तर हे दोन्ही फायदे नाहीत. एच-४ वर घरी असलेल्या आईमुळे (किंवा बाबामुळे) क्रेडिट जातं. एफएसएत पैसे कापून घेतले असतील तर ते करपात्र होतात.

नगरी बाणा
थोडं विषयांतर. व्हीबीएसमध्ये रोज सुटी नाणी मागवतात, मुलगे विरुद्ध मुली अशी बरणी भरायची शर्यत असते. ते पैसे कुठल्या मिशनला जातात तेवढं विचारून ठेवा. कधी कधी ते भारतातल्या कामासाठी असतात आणि पडद्यावर भारतातल्या अनवाणी मुलांची चित्रं दाखवतात. मग वर्गातल्या एकुलत्या एक भारतीय मुलीकडे सगळे वळून बघतात. हे मला ख्रिस्ती म्हणूनही खटकतं. संयोजकांना आधी सांगितलं तर बहुतेक जण चित्रं बदलतात.

कावळोबा
म्हणजे आपणच क्वार्टरची नाणी द्यायची, आपल्याच लोकांना सुधारायला. वर्तुळ पूर्ण.

ताकभात
यापेक्षा आपल्याकडे चिन्मय मिशनचं बालविहार आहे की.

गुलबकावली
बालविहार बहुतेक ठिकाणी रविवारचा. उन्हाळी शिबिर असलं तरी एखाद-दुसऱ्या आठवड्याचं. अकरा आठवड्यांचं गणित त्याने सुटत नाही, आणि आजी-आजोबांचा व्हिसाही दरवर्षी जुळत नाही.

आजी-आजोबा आणायला जाणार असतील तर त्यांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच "ऑथराइज्ड पिकअप" यादीत लिहा. दारावरचा मुलगा फोटो ओळखपत्र मागतो, आणि पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट लांबलचक नाव असतं. यादीत "आजी" लिहून चालत नाही. नवऱ्याचं आडनाव वेगळं असेल तर तेही आधी सांगून ठेवा.

मीठमिरची
सनस्क्रीनचंही. अमेरिकेत ते औषधात मोडतं, म्हणून लेखी परवानगीशिवाय बऱ्याच कॅम्पचे लोक ते लावत नाहीत. घरून निघण्याआधी वीस मिनिटं लावा, बाटलीवर नाव घाला, आणि सात वर्षांच्या मुलीला दर दोन तासांनी स्वतः लावायला शिकवा. स्प्रे पाठवू नका, वाऱ्यावर अर्धा शेजारच्या मुलाच्या डोळ्यांत जातो.

सातपुडा
आता मूळ प्रश्नाकडे. माझं मत: दोन्ही मुलांचं उत्तर एक नाही.

सात वर्षांच्या मुलीला "काही लोक असं मानतात, आपण असं मानतो" हे वाक्य कळतं. तिला जाण्याआधी तीन गोष्टी सांगा. प्रार्थनेच्या वेळी शांत बसायचं, कुणाची चेष्टा करायची नाही. हात वर कर म्हटलं तर "मी घरी विचारीन" म्हणायचं. आणि कुणी "तुझे आजोबा स्वर्गात जाणार नाहीत" असं म्हणालं तर ते त्याच दिवशी घरी सांगायचं. तिसरी टाळू नका. हे वाक्य बहुधा शिक्षक नाही, बरोबरीचं एखादं मूल बोलतं, आणि मुलांच्या मनात तेवढंच टिकतं.

साडेचारच्या मुलाला तो फरक कळत नाही. त्याच्यासाठी मोठ्या माणसाने सांगितलं ते खरं. त्याला दुसऱ्या प्रकारच्या चर्चमध्ये किंवा वायएमसीएत अर्धा दिवस घाला, चौथ्या प्रकारात दोन वर्षं थांबा. शिवाय वयाची अट बघा. बऱ्याच फॉर्मवर "पूर्ण केलेली इयत्ता" विचारतात, आपण सप्टेंबरमध्ये जाणार ती लिहितो, आणि मूल एक गट वर जाऊन पडतं.

आणि एकदा प्रत्यक्ष जाऊन या. कॅम्प चालू असताना पालकाला अर्धा तास मागे उभं राहू देतात का, एवढं विचारा. होकार आला तर कदाचित जायची गरजही पडणार नाही.

पाटीपेन्सिल
+१. फक्त शेवटचं वाक्य अमान्य. होकार आला तरी जा.

रानजाई
सगळ्यांचे आभार. आत्ताच साइट उघडली. स्टेटमेंट ऑफ फेथमध्ये सातपुडांचा चौथा प्रकार निघाला, आणि थीमच्या पानावर गुरुवारची हस्तकला "पाच रंगांचं ब्रेसलेट" आहे. मुलाचं नाव तिथून काढतेय. मुलीसाठी फोन केला तर त्यांनी येऊन बघा म्हणून मंगळवारची वेळ दिली. मोठ्या माणसांचा आकडा विचारला तर "वीस मुलांना पाच" म्हणाल्या, अठराच्या वरचे किती विचारल्यावर "दोन".

एकच शंका उरली. डे कॅम्पचं डिपॉझिट परत मिळत नाही असं लिहिलंय. हे सगळीकडे असतं का?

हिशेबनीस
बहुतेक ठिकाणी. पण डिपॉझिट एका आठवड्याचं आहे की निवडलेल्या प्रत्येक आठवड्याचं ते बघा. सहा आठवडे निवडले आणि प्रत्येकी ५० असेल तर ३०० गेले. मंगळवारी बघून येईपर्यंत भरू नका.